बोस्टनहून आलेली पायपेटी

संगीत नाटकाचा प्रवेश बसवायचा म्हणून खऱ्या ऑर्गनच्या शोधात निघालो, आणि जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत जाऊन पोचलो. त्या शोधाची ही गोष्ट.

"मॅडम, अंदर का सब निकाल के बार बना के देगा. एकदम मस्त लगेगा."

जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट. एका गाळ्यात मोडक्या आरामखुर्च्या, आरसा उडालेली ड्रेसिंग टेबलं आणि कुठल्याशा सिरियलच्या सेटवरून आलेला खोटा खांब, या सगळ्यांच्या मागे ते उभं होतं. गडद लाकूड, कोरीव पाठ, दोन बाजूंना मेणबत्त्या ठेवायला छोटे कठडे. झाकण उघडलं तर पिवळट पडलेल्या पट्ट्या. खाली दोन पायट्या, त्यावरचं कार्पेट उंदरांनी खाल्लेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सोनेरी अक्षरं अर्धी पुसली होती. मोबाइलचा टॉर्च तिरका धरल्यावर वाचता आलं : मेसन अँड हॅम्लिन, बोस्टन.

गाळेवाल्याच्या लेखी ते 'पियानो टाइप टेबल' होतं. आतला 'कचरा' काढला की बाटल्या ठेवायला जागा छान होते, हे त्याचं म्हणणं. तसं एक त्याने आधी करूनही दिलं होतं, वर्सोव्याच्या कुणा गिऱ्हाइकाला. फोटो दाखवला. खरंच छान दिसत होतं, हेच वाईट.

आता आम्ही तिथे काय करत होतो ते सांगते. आमच्या कॉलेजच्या ग्रुपने या वर्षी स्पर्धेसाठी 'संगीत सौभद्र'मधला एक प्रवेश करायचं ठरवलं. सगळे सोशल इश्यूवरची एकांकिका करणार, आपण अण्णासाहेब किर्लोस्करांचं १८८२चं नाटक करू, कुणीतरी लक्षात तरी ठेवेल, इतका साधा हिशोब होता. आमचा अर्जुन बायोटेकला आहे, कृष्ण बीएमएसला. सुभद्रा मात्र खरंच गाणं शिकते. साथीला मी, म्हणजे लहानपणी पाच वर्षं पेटी शिकले त्या भांडवलावर.

तालमीला कीबोर्ड वापरला. त्यात 'चर्च ऑर्गन', 'रॉक ऑर्गन', 'रीड ऑर्गन' सगळं होतं. तरी काहीतरी चुकत होतं. सुभद्रेने ताना घेतल्या की माझे सूर तिच्या बाजूला उभे राहायचे, तिच्यासोबत चालायचे नाहीत. शेवटी घाटकोपरला राहणाऱ्या एका काकांना ऐकायला बोलावलं. पूर्वी त्यांनी हौशी संगीत नाटकांना साथ केलेली. दहा मिनिटं ऐकून म्हणाले, "बाळा, तू वाजवतेयस बरोबर. पण तुझं वाद्य श्वास घेत नाहीये." मग माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हे रिकामे का ठेवलेस?"

गुडघे? वाद्याला?

होय, गुडघे. पण तिथे येण्याआधी थोडं मागे जावं लागेल. ओशिवऱ्यात मी त्या पेटीला पियानो समजले होते. चूक होती, पण अगदीच बिनबुडाची नव्हती. ही पेटी आणि अमेरिकेतला जुना पियानो एकाच शहरातले, जवळजवळ एकाच काळातले. एक श्रीमंत, एक मध्यमवर्गीय.

पियानो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो हिंदी सिनेमातला, पंखासारखं झाकण वर केलेला, ज्याच्यावर कोपर टेकून हिरो दुःखी होतो. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन घरात मात्र तो नव्हता. तिथे होता स्क्वेअर पियानो. नाव चौकोनी, आकार आयत. भूमितीच्या बाईंनी मार्क कापले असते. टेबलासारखी लांब पेटी, लांब बाजूला पट्ट्या आणि आत तारा आडव्या, डावीकडून उजवीकडे ताणलेल्या. भिंतीला लावून ठेवता यायचा, म्हणून घरात मावायचा. लंडनमध्ये योहानेस झुंपे नावाच्या जर्मन कारागिराने १७६६च्या सुमारास असे छोटे पियानो करायला घेतले आणि ते धडाक्यात खपले. १७७५ मध्ये फिलाडेल्फियात योहान बेरेंटने आपण पियानो बनवल्याची जाहिरात दिली. अमेरिकेत बनलेला पहिला पियानो म्हणून त्याचंच नाव घेतात. तोही चौकोनीच.

पण एक अडचण होती. पियानोच्या तारा लाकडाच्या चौकटीला सतत खेचत असतात. युरोपात घडवलेली चौकट बोस्टनला आली की उन्हाळ्याच्या दमटपणाने फुगायची, थंडीत शेगडीच्या कोरड्या उष्णतेने आकसायची आणि सूर जागेवर राहायचे नाहीत. (मुलुंडला जुलैमध्ये दार लागत नाही आणि मार्चमध्ये आपोआप उघडतं, तोच प्रकार.) यावर उत्तर शोधलं बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने. १७ डिसेंबर १८२५ला त्याने एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं, तेही चौकोनी पियानोसाठी. लोकांनी नाकं मुरडली, लोखंडाने आवाज पत्र्यासारखा होतो म्हणाले. आज जगातल्या कुठल्याही पियानोचं झाकण उघडा, आत लोखंडी चौकट दिसेल.

बॅबकॉकला त्यातून फारसं काही मिळालं नाही. ती कल्पना मोठी केली जोनास चिकरिंगने. हा मूळचा सुतार, फर्निचर बनवणारा. १८२३ मध्ये बोस्टनमध्ये भागीदारीत धंदा सुरू केला, १८४० मध्ये लोखंडी चौकटीचं सुधारित पेटंट घेतलं. १८५२ मध्ये कारखाना जळून खाक झाला. त्याने नवा बांधायला घेतला, इतका अवाढव्य की वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलनंतर देशातली सगळ्यात मोठी इमारत म्हणून त्याचं नाव झालं. चिकरिंग मात्र तो पूर्ण होण्याआधीच, १८५३ मध्ये गेला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जर्मनीहून आलेल्या एका बापाने मुलांना घेऊन स्टाइनवे अँड सन्स सुरू केली. हो, तेच स्टाइनवे. त्यांनी कंपनीच्या नावाने विकलेला पहिला पियानो, नंबर ४८३, हासुद्धा चौकोनीच होता. ५०० डॉलरला गेला आणि आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. १८५५च्या प्रदर्शनात त्यांनी जाड तारा बारीक तारांवरून तिरक्या नेलेला चौकोनी पियानो मांडला आणि सुवर्णपदक नेलं.

मग हे गेले कुठे? मोठा आवाज हवा म्हणून चौकोनी पियानो वाढत वाढत दोन-दोन मीटर लांब, हत्तीच्या पायांचे झाले. तेवढ्यात उभा पियानो सुधारला. तो कमी जागेत मावायचा, ट्यून करायलाही सोपा. १८९०च्या आसपास चौकोनी पियानो कुणाला नकोसा झाला. दुकानदारांनी नव्याच्या बदल्यात घेतलेले जुने पियानो गोदामात साचले आणि १९०४ मध्ये अटलांटिक सिटीला जमलेल्या पियानो विक्रेत्यांनी चक्क त्यांची होळी केली. जुना माल बाजारातून गेला तर नवा खपेल, हा व्यवहार. जे वाचले त्यातल्या बऱ्याच जणांच्या तारा आणि चौकट काढून लोकांनी लिहायची टेबलं करून घेतली.

ओशिवऱ्याचा आमचा गाळेवाला नवीन काही करत नव्हता.

आता पेटीकडे. ज्या अमेरिकन कुटुंबांना पियानो परवडत नव्हता, त्यांच्याकडे रीड ऑर्गन असायचा. तारा नाहीत, हातोड्या नाहीत. आपल्या हार्मोनियमसारख्या पितळी पट्ट्या, म्हणजे रीड्स, आणि हवा. फरक एवढाच की आपली पेटी रीडमधून हवा बाहेर ढकलते आणि अमेरिकन ऑर्गन हवा आत ओढतो. पायाने पायट्या दाबल्या की भाता पोकळी तयार करतो आणि बाहेरची हवा रीडमधून आत शिरते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आवाजाचा सगळा गोडवा तिथे आहे. त्यात भर घातली एमन्स हॅम्लिनने. बफेलोच्या एका कारखान्यात काम करताना त्याच्या लक्षात आलं की रीडची जीभ किंचित वाकवली, पिळली, की तिचा चिरका आवाज मऊ होतो. १८५४ मध्ये त्याने हेन्री मेसनबरोबर बोस्टनमध्ये कंपनी काढली. तिकडे व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरो नावाच्या छोट्या गावात जेकब एस्टीच्या कंपनीने पुढच्या शंभर वर्षांत पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले. एका गावातून पाच लाख.

आणि हे ऑर्गन जगभर गेले. मिशनऱ्यांबरोबर गेले, व्यापाऱ्यांबरोबर गेले. बोस्टन आणि मुंबई तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा जुने ओळखीचे. अमेरिकन बोर्डाचे मिशनरी बोस्टनच्या संस्थेकडून १८१३ मध्येच मुंबईत आले. पुढे अहमदनगरला त्यांच्या मराठी मिशनचं मोठं केंद्र झालं आणि रेव्हरंड टिळक त्याच मिशनमध्ये होते. १८३०च्या दशकात तर मुंबईत बर्फसुद्धा बोस्टनच्या जहाजातून यायचा, तिथल्या तळ्यांतला, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. बर्फ आला तिथे पेटीचं काय!

इथल्या हवेत पियानो हे प्रकरण खर्चिक. तारा गंजतात, लाकूड फुगतं, ट्यूनर शोधा. रीडला दमटपणाचा त्रास त्या मानाने कमी. शिवाय सूर लांबतो. पियानोसारखा ठणकन वाजून विरत नाही. गाण्याला धरून ठेवणारं वाद्य आपल्याला हवं होतं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी युरोपियन पायपेटीला हाताचा भाता लावून आपली बैठकीची पेटी घडवली आणि ती देशभर पसरली. मराठी रंगभूमीने मात्र जमिनीवरच्या पेटीवर समाधान न मानता बोस्टन-ब्रॅटलबरोची पायपेटीच उचलली.

३१ ऑक्टोबर १८८०ला पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' झालं तेव्हा साथ सारंगी-तबल्याची होती. मग हार्मोनियम आली. १९११च्या 'मानापमान'ला चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनी, म्हणजे एका पेटीवादकानेच. (हे टेंबे नुसते वाजवत नव्हते. १९३२चा पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' बघा, त्यातला हरिश्चंद्र तेच! पेटीवाला हिरो झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.) १९१३ मध्ये बालगंधर्वांनी टेंबे आणि गणपतराव बोडसांबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे या मंडळींच्या साथीची जी फळी प्रसिद्ध झाली ती अशी : सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. थिरकवांसारखा तबलजी आणि शेजारी अमेरिकन चर्चमधल्या घराण्याचं वाद्य. फ्यूजन हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं.

काकांनी गुडघ्यांचा उल्लेख केला तो इथे कळतो. ऑर्गनला पट्ट्यांखाली दोन लाकडी फळ्या लोंबत असतात. उजवा गुडघा बाहेर दाबला की आतली झडप उघडते आणि आवाज फुलतो. सोडला की मिटतो. डावा गुडघा दाबला की सगळे स्वरसंच एकदम चालू. म्हणजे हात सुरांत, पाय भात्यावर आणि गुडघे आवाजाच्या चढ-उतारावर. नट दमसास लांबवतो तेव्हा गुडघा हळूच उघडायचा, तो समेवर आला की मिटायचा. बैठकीच्या पेटीला एक हात भात्यात अडकतो. इथे दोन्ही मोकळे. वरच्या ओळीत खुंट्या असतात, चिनीमातीच्या चकत्यांवर नावं लिहिलेल्या. त्यातली 'व्हॉक्स ह्यूमाना', म्हणजे 'मानवी आवाज', ओढली की आत हवेवर एक छोटा पंखा फिरतो आणि सूर थरथरतो. नाटकवाले ही खुंटी जपून वापरतात म्हणे. जास्त झाली की भुताचा सिनेमा होतो.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. पट्ट्यांमध्ये मींड नाही, बारा सूर कापून ठेवलेले, श्रुतींचं काय, हा आक्षेप जुना आणि चुकीचाही नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली. तीस वर्षं! नाटकाच्या थिएटरात मात्र ऑर्गन वाजतच राहिला. मुंबईत साहित्य संघाच्या नाटकांना गोविंदराव पटवर्धनांची साथ ऐकायला म्हणून लोक जायचे, असं काका सांगतात. पडद्याआड नट तयार होत असताना समोरच्या खड्ड्यातून तो पहिला भरलेला सूर यायचा आणि प्रेक्षागृह गप्प व्हायचं.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच वाटते. आपल्याकडे गायकाला विचारलं, तुझी पट्टी कोणती, तर तो म्हणतो काळी एक, पांढरी दोन. आमची सुभद्रा काळी चारमध्ये गाते. षड्ज, पंचम, श्रुती यांच्या हजार वर्षांच्या शास्त्रात आपण आपल्या गळ्याची ओळख सांगतो ती एका परदेशी वाद्याच्या लाकडी पट्टीच्या रंगावरून. बंदी घालणाऱ्यांनाही हे काढता आलं नसतं.

असो. तर आम्हाला ती पेटी हवी होती. किंमत ऐकली आणि आमचा निर्माता (म्हणजे ज्याच्या जीपेवर वर्गणी जमा होते तो) हसायला लागला. पूर्ण प्रवेशाच्या बजेटच्या तिप्पट. शिवाय भाता फाटलेला, दुरुस्तीचा खर्च वेगळा, आणि ठेवणार कुठे? कॉलेजच्या जिमखान्यात कॅरम ठेवायला जागा नाही. काका येऊन बघून गेले. खाली वाकून भात्याच्या कापडाला बोट लावलं, एक पट्टी दाबून उगाच पायटी हलवली. खोकल्यासारखा आवाज आला. म्हणाले, "सगळं होईल. रीड्स शाबूत आहेत. पण वेळ देणारा माणूस पाहिजे." मग थोड्या वेळाने, "आणि वाजवणारा."

आम्ही गाळेवाल्याला एक महिना थांबायला सांगितलं. तो हो म्हणाला. दोष त्याचा नाही, आम्ही आगाऊ रक्कम काहीच दिली नव्हती.

प्रवेशासाठी काकांनी ओळखीच्या एका नाट्यसंस्थेचा ऑर्गन एका दिवसासाठी मिळवला. टेंपोत आम्ही पाच जण त्याला धरून बसलो होतो, गणपती आणावा तसे. ट्रॅफिकमध्ये शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "क्या है, देवघर?" मी दोन आठवडे काकांकडे फक्त गुडघे शिकले होते. पहिल्या दिवशी माझे पाय आणि गुडघे एकमेकांशी भांडत होते. पायटी दाबली की गुडघाही आपोआप उघडायचा आणि आवाज उचकी लागल्यासारखा यायचा. प्रयोगातही दोनदा तसं झालं. पण सुभद्रेच्या पदात, तिने वरचा षड्ज धरला आणि मी उजवा गुडघा सावकाश बाहेर नेला, तेव्हा ती गाता गाता माझ्याकडे वळली. तालमीत ती कधीच वळली नव्हती. तो प्रवेशाचा भाग नव्हता. दिग्दर्शक नंतर ओरडला तिला.

आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. पहिलं बक्षीस सोशल इश्यूला.

एक घोळ मात्र ऐनवेळी झाला होता. जोडीला बेस म्हणून कीबोर्ड घ्यायचा बेत होता. दोन्ही एकदम वाजवले तर कानाला दात लागल्यासारखं. ऑर्गन चढा होता, अर्ध्या सुरापेक्षा कमी, पण चढाच. काकांनी कारण सांगितलं. आज जग ज्याला ४४० म्हणतं ते नंतर ठरलं. अमेरिकन पियानोवाल्यांनी १८९१ मध्ये ४३५ हा आकडा ठरवला, त्याच्या आधी ज्याचा त्याचा सूर वेगळा आणि बहुतेकांचा आजच्याहून उंच. कीबोर्डला फाइन ट्यूनिंगचं बटण असतं, पण स्टेजवर घाईत ते सापडेना. कीबोर्ड बंद करून टाकला.

परवा पुन्हा ओशिवऱ्याला गेलो, दिवाळीचे पैसे, पॉकेटमनी आणि एका मावशीचं कर्ज असं मिळून निम्मी रक्कम घेऊन. गाळ्यात पेटी होती. पाठ तीच, कोरीव काम तेच, कठडेसुद्धा पॉलिश केलेले. झाकण उघडलं तर आत काचेचे कप्पे आणि एलईडीची पट्टी. गाळेवाला ओशाळला. म्हणाला, पार्टी रोख घेऊन आली होती. मग आत गेला आणि एक दुधाची पिशवी घेऊन आला. भंगारवाल्याला पितळेच्या भावाने द्यायला ठेवलेली. त्यात रीड्स होत्या, शंभराहून जास्त, बोटाएवढ्या, प्रत्येकीवर बारीक अक्षर ठोकलेलं. निम्मी रक्कम त्याने नको म्हटली. पितळेच्या भावाने दिल्या, वर चहा पाजला.

मेट्रोत बसून त्यातली एक काढली. 'ए' लिहिलेलं होतं. ओठांना लावून फुंकली, काही नाही. उलटी करून फुंकली आणि ती वाजली, इतकी स्वच्छ की समोरच्या आजींनी मान वर केली. सुभद्रेने मोबाइलवर ट्यूनरचं ॲप उघडून समोर धरलं. तोंडाने फुंकलेल्या रीडवर फार विश्वास ठेवू नये, काकांनी बजावलंय. पण काटा ४४०च्या पुढे जाऊन थांबला होता.